भोगीपासून उलटं मोजा: पहिली हिवाळी परसबाग

भोगीच्या भाजीत काय काय पडतं ते आठवा. ओला हरभरा, पावट्याचे दाणे, मटार, गाजर, वांगी, दोन-चार बोरं, उसाचे करवे, वरून तिळाचं कूट. आपल्याकडच्या थंडीत परसात काय येतं याचा याहून नेटका तक्ता मला अजून सापडलेला नाही. बोरं, ऊस आणि तीळ सोडले तर बाकी सगळं गच्चीतल्या कुंड्यांत किंवा घरामागच्या दोन वाफ्यांत येतं. फक्त सुरुवात थंडी पडल्यावर करायची नाही, पाऊस उघडल्यावर करायची.

नवखी माणसं बहुतेक इथंच चुकतात. मीही चुकले होते. दिवाळी उरकते, पहाटे अंगावर पांघरूण ओढावंसं वाटतं आणि मग रोपवाटिकेची आठवण होते. तोवर गाजराची वेळ टळलेली असते, वांग्याची टळत आलेली असते. म्हणून आता मी भोगीची तारीख धरून मागे मोजत येते. भोगी म्हणजे संक्रांतीचा आदला दिवस, साधारण १३ जानेवारी.

आधी दिनदर्शिका

स्वयंपाकघरातली दिनदर्शिका काढा आणि पेन्सिलीनं खुणा करा. गाजराला ८० ते ९० दिवस लागतात, ओल्या हरभऱ्याच्या घाट्यांनाही जवळपास तेवढेच. म्हणजे दोन्हींची पेरणी ऑक्टोबरच्या मध्याला, फार तर २० तारखेपर्यंत. बुटक्या जातीचा पावटा त्याच्याही आठवडाभर आधी. वांगी आणि टोमॅटो बियांपासून करायचे तर रोपं तयार व्हायलाच महिना-सव्वा महिना जातो आणि लावणीनंतर पहिल्या तोड्याला आणखी ६० ते ७० दिवस. पहिल्या वर्षी हा खटाटोप नको. रोपवाटिकेतून तयार रोपं आणा आणि ऑक्टोबर संपायच्या आत लावून टाका. मटार ६५ ते ७० दिवसांत शेंगा देतो, तो ऑक्टोबरअखेर. श्रावणघेवड्याला ५०-५५ दिवस पुरतात, त्यामुळे तो नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पेरला तरी चालतं.

पालेभाज्या या हिशेबात वेगळ्या मोजायच्या. मेथी महिन्याभरात, पालक पाच आठवड्यांत, मुळा आणि कोथिंबीर ४०-४५ दिवसांत. त्यांना एक तारीख द्यायचीच नाही, दर दहा-बारा दिवसांनी थोडं थोडं पेरत राहायचं. माझ्या पहिल्या वर्षी मी मेथीचं सगळं बी एकाच रविवारी टाकलं होतं. ती सगळी एकाच आठवड्यात काढायला आली. आम्ही ठेपले खाल्ले, पराठे खाल्ले, जिन्यातल्या सगळ्या घरांत जुड्या वाटल्या, आणि पुढचे तीन आठवडे मेथी मंडईतून विकत आणली.

या तारखा पुणे-नाशिककडच्या. कोकणात पाऊस उशिरा हटतो आणि भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर वाल टाकायची तिथली जुनी रीत आहे. रायगडातली पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगा, त्याच वालाची. मुंबई-कोकणात थंडी बेताची, तेव्हा तिथं वाल, मुळा, लाल माठ, वांगी यांच्यावर भर द्या. कोबी-फ्लॉवरच्या नादी लागू नका. विदर्भ-खानदेशात थंडी चांगली पडते, तिथं मटार आणि गाजर आमच्यापेक्षा सरस येतात.

उन्हाचं गणित

जागा ठरवताना लोक आज ऊन कुठं पडतंय ते बघतात आणि फसतात. मे महिन्याच्या मध्याला पुण्यात भर दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो. डिसेंबरच्या शेवटी तो दक्षिणेकडे इतका कलतो, की दुपारी बारा-साडेबारालाही क्षितिजापासून ४८ अंशांवरच राहतो. त्या वेळी कुठल्याही भिंतीची सावली तिच्या उंचीच्या नऊ दशांश इतकी लांब पडते. गच्चीचा कठडा तीन फुटांचा असेल तर दक्षिणेच्या कठड्याच्या आत पावणेतीन फुटांचा पट्टा दुपारीसुद्धा सावलीत. तिथं कुंड्या मांडल्या, की ऑक्टोबरात तरारलेली रोपं डिसेंबरात उंच, फिकट, मान टाकलेली दिसतात आणि आपण बिचाऱ्या खताला दोष देतो.

म्हणून फोनमधलं होकायंत्र काढा आणि दक्षिण कुठं ते बघा. दक्षिणेला तोंड असलेली गॅलरी हिवाळ्यात सोन्यासारखी, उन्हाळ्यात वर जाणारं ऊन आता आतपर्यंत येतं. उत्तरेच्या गॅलरीत थंडीभर थेट ऊन येत नाही. तिथं फार तर पुदिना ठेवा आणि बाकीच्यासाठी गच्ची मागा. फळभाज्या आणि शेंगांना सहा तास ऊन हवं, पालेभाज्या चार तासांवर भागवतात.

गच्ची मागायची तर वजनाचं आणि गळतीचं उत्तर तयार ठेवा, सोसायटीची समिती तेच विचारणार. भिजलेल्या मातीची बारा इंची कुंडी सहज वीस किलोंच्या घरात जाते. कुंड्या गच्चीच्या मधोमध न ठेवता दक्षिणेची सोडून बाकी कडांनी, खालच्या भिंती-तुळयांच्या रेषेत ठेवा. प्रत्येक कुंडी दोन विटांवर. खालून हवा खेळते, फरशी वाळते, आणि झाडूही फिरतो.

माती

मामंजी निफाडकडचे, सगळं आयुष्य शेतीत गेलेलं. माझ्या कुंड्यांमधली काळीभोर माती पाहून ते म्हणाले होते, "सूनबाई, ही कुंडी नाही, ही वीट आहे." काळी माती शेतात सोनं, पण कुंडीत ती पाणी धरून बसते आणि वाळली की तडकते. कुंडीसाठी माझं प्रमाण असं: एक वाटा चाळलेली माती, एक वाटा चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक वाटा कोकोपीट किंवा कुजलेला पालापाचोळा. वर मूठभर निंबोळी पेंड. कोकणातली जांभ्याची माती असेल तर खताचा वाटा थोडा वाढवा, तिच्यातून पाणी आणि खत दोन्ही झरझर निघून जातात.

वजन कमी ठेवायचं असेल तर पालापाचोळ्याचा वाटा वाढवा. कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोळकरांनी प्रयोग परिवारातून घरोघरच्या माणसांना हेच सांगितलं, की पालापाचोळा जाळू नका, कुजवून त्याची माती करा. रसवंतीवाल्याकडचं उसाचं चिपाडही चालतं, पण ते महिना-दोन महिने कुजू द्या. अर्धकच्चं शेण किंवा चिपाड मातीत गेलं तर ते कुजताना रोपांच्या वाट्याचं नत्र खातं आणि पानं पिवळी पडतात. गाजराला तर कच्चं शेणखत मुळीच नको. त्यात आणि खड्यांत अडखळून मूळ फाटतं आणि दोन पायांचं गाजर निघतं. चवीला काही वाईट नसतं ते, किसायला मात्र वैताग.

खोली किती? मेथी, माठ, कोथिंबीर सहा इंचांत येतात, त्यांना द्राक्षांचे प्लास्टिकचे क्रेट आतून गोणपाट लावून झकास. मुळा-बीटला दहा इंच, गाजराला फूटभर. टोमॅटो-वांग्याला बारा ते पंधरा इंच, आणि एका कुंडीत एकच रोप. दोन लावायचा मोह होतो. तो आवरा.

जमीन असेल तर गादीवाफे करा: रुंदी तीन फूट, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो, उंची वीतभर. वाफ्यात पाय टाकायचा नाही.

बी: अर्धं वाण्याकडे, अर्धं कृषी सेवा केंद्रात

मेथ्या, धने, मोहरी, हरभरा, लसूण हे सगळं घरच्या डब्यांत असतं. पण डब्यात किती वर्षं पडून आहे ते कोण सांगणार? वीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. मेथी तीन-चार दिवसांत मोड दाखवते, धन्याला दहा दिवस द्या. वीसपैकी चौदा-पंधरा उगवले तर बी चांगलं. दहाच्या आत असतील तर फोडणीला वापरा.

मुळा, गाजर, पालक, मटार यांचं बी कृषी सेवा केंद्रातून लहान पाकिटात घ्या. गाजरात 'पुसा केसर'सारखं लाल देशी वाण मागा, ते आपल्या ऑक्टोबरच्या उकाड्याला दबत नाही. मुळ्यात 'पुसा चेतकी' लवकर येतो. पाकिटावर 'संकरित' लिहिलेलं असेल तर त्याचं बी पुढच्या वर्षी राखून उपयोग नाही, मूळचे गुण उतरत नाहीत. गुलाबी-लाल रंग चढवलेलं बी औषध लावलेलं असतं. पेरून झालं की हात साबणानं धुवा आणि उरलेलं बी मुलांच्या हाती लागू देऊ नका.

गावरान बी मिळालं तर सोडू नका. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० चा पद्मश्री जाहीर झाला तो असं बी जपल्याबद्दल, आणि त्यांच्या संग्रहात वाल-घेवड्याचे किती प्रकार आहेत ते पाहिलं, की मंडईतला एकच पावटा म्हणजे किती थोडं हे कळतं. गावाकडे कुणाच्या चुलीवर टांगलेल्या शेंगा दिसल्या तर मूठभर मागून आणा. वेलाच्या वालाला मात्र चार-चार महिने लागतात आणि दिवस लहान झाल्याशिवाय त्याच्या गावरान जाती फुलतच नाहीत. तो पावसाळ्यात लावायचा असतो, त्याचं बी पुढच्या आषाढासाठी ठेवा.

आणि फ्लॉवर? पहिल्या वर्षी नको, असं माझं स्पष्ट मत. तीन महिने कुंडी अडवून एकच गड्डा मिळतो. जातीची निवड आठवड्या-दोन आठवड्यांनी चुकली तर तोही सुपारीएवढा. शिवाय अळ्यांना सगळ्यांत आधी त्याचाच पत्ता लागतो. हौस असेल तर नवलकोल लावा, तो बिनतक्रार येतो.

पेरणी

मोठं बी बोटाच्या दोन पेरांइतकं खोल, बारीक बी जेमतेम मातीआड. गाजराचं बी इतकं हलकं, की ते चमचाभर कोरड्या वाळूत मिसळून ओळीत सोडायचं, नाहीतर एका जागी पन्नास पडतात. धने आख्खे पेरायचे नाहीत. चपलेखाली किंवा लाटण्यानं हलके रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा, मग पेरा. मेथी फूटभर लांब-रुंद जागेला अर्धा चहाचा चमचा पुरे. ऑक्टोबरात दुपारचं ऊन चटका देतं, म्हणून उगवेपर्यंत वर ओलं गोणपाट टाका. पहिला कोंब दिसला की त्याच संध्याकाळी काढा, एक दिवसही उशीर नको.

उगवण झाली की चिमण्या आणि कबुतरं येतात. जुनी मच्छरदाणी काठ्यांवर ताणून लावा, आठ-दहा दिवस पुरे.

त्यानंतरची विरळणी नवख्यांना जिवावर येते. मुळ्याची रोपं तीन-चार बोटांच्या अंतरावर, गाजराची दोन बोटांवर राहतील एवढी बाकीची उपटायची. बीट आणि पालकाचं एक बी म्हणजे खरं तर बियांचा घोस असतो, त्यातून दोन-तीन रोपं येतात, तीही कमी करा. उपटलेली कोवळी रोपं वाया जात नाहीत. मुळ्याची पानं पिठल्यात घाला, पालक वरणात. पण विरळणी टाळली तर महिनाभरानं झुपकेदार पाला येतो आणि खाली शेपटीएवढं मूळ.

टोमॅटोचं रोप लावताना खालची पानं काढून अर्धं खोड मातीत पुरा, पुरलेल्या खोडालाही मुळं फुटतात. वांग्याचं असं करू नका. टोमॅटोची काठी लावणीच्याच दिवशी रोवा. मागाहून रोवली तर मुळं दुखावतात. मटारला वाळक्या फांद्यांचा आधार पुरतो, तो स्वतःच्या तणाव्यांनी चढतो. मटाराबद्दल एक मात्र आधीच सांगते: कुंडीतला मटार ओंजळभरच मिळतो. उसळीचा बेत करू नका, झाडापाशी उभं राहून कच्चे दाणे खायचे.

हरभऱ्याची रोपं वीतभर झाली की शेंडे खुडा. झाड खाली फुटतं, घाटे जास्त लागतात आणि खुडलेल्या कोवळ्या पाल्याची भाजी होते. फुलं दिसली की खुडणी बंद.

पाणी आणि वाफसा

शेतकऱ्याकडून एकच शब्द उसना घ्यायचा असेल तर 'वाफसा' घ्या. मातीत ओलही आहे आणि हवाही आहे, ही ती अवस्था. बोट दोन पेरं आत घाला. चिखल लागला तर पाणी नको, भुसभुशीत गार माती बोटाला चिकटून लगेच झडली तर वाफसा आहे, आजही पाणी नको. कोरडं लागलं तरच द्या. ऑक्टोबरात रोज द्यावं लागतं, डिसेंबरात तीच कुंडी दोन-तीन दिवस ओल धरते. हिवाळ्यात कुंड्या मरतात त्या तहानेनं कमी, लाडानं जास्त.

पाणी सकाळी, मुळाशी, पानांवर नाही. थंडीत रात्रभर दव पडतं, पानं तशीच ओली असतात, त्यात संध्याकाळी झारीनं आंघोळ घातली की भुरी आणि करपा या पानांवरच्या रोगांना निमंत्रण. टोमॅटोच्या फळाचा बुडखा काळा पडून बसला तर तो रोग नाही. कधी कोरडं तर कधी चिंब, अशा पाण्यामुळे झाडाला कॅल्शियम उचलता येत नाही, म्हणून तसं होतं. पाण्याची वेळ बांधून घेतली की पुढची फळं नीट येतात.

खताला दर पंधरा दिवसांनी कुंडीत मूठभर गांडूळखत पुरे. जीवामृत करायचं असेल तर दहा लिटर पाण्यात अर्धा किलो शेण, पाव ते अर्धा लिटर गोमूत्र, शंभर ग्रॅम गूळ, शंभर ग्रॅम बेसन, चिमूटभर झाडाखालची माती. सावलीत दोन-तीन दिवस ठेवून सकाळ-संध्याकाळ ढवळा, मग दहापट पाण्यात घालून द्या. वासाबद्दल शेजाऱ्यांना आधी कल्पना द्या.

मावा, अळी आणि ढगाळ हवा

डिसेंबरात दोन-चार दिवस आभाळ भरून आलं की मावा आलाच म्हणून समजा. वालाचे शेंडे, मुळ्या-मोहरीची पानं, सगळीकडे हिरवे-काळे ठिपके. सुरुवातीला पाण्याची जोरदार धार मारली तरी अर्धं काम होतं. नाही भागलं तर निंबोळी अर्क: पन्नास ग्रॅम निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्यातून गाळा, साबणाच्या पाण्याचे चार थेंब घालून संध्याकाळी फवारा. उन्हात फवारलं तर त्याचा गुण लवकर उडून जातो.

फवारण्याआधी पान उलटून बघा. काळसर, नारिंगी ठिपक्यांचा, इवल्याशा मगरीसारखा किडा दिसला तर त्याला मारू नका. ती ढालकिड्याची अळी, मावा हेच तिचं जेवण. मी पहिल्या वर्षी चिमट्यानं वेचून वेचून त्याच मारल्या होत्या.

टोमॅटोच्या पानांवर पांढऱ्या नागमोडी रेघा म्हणजे नागअळी, तेवढी पानं तोडून टाका. पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे मिळतात. नवलकोल लावला असेल तर शेजारी थोडी मोहरी टाका, ठिपक्यांचा पतंग आधी मोहरीवर जातो. अळ्या दिसल्या की ती मोहरीच उपटायची.

अवकाळी पावसाचा अंदाज असेल तर टोमॅटोवर तात्पुरतं प्लास्टिक धरा आणि पाऊस थांबताच काढा. नाशिक-निफाडकडे पारा पाचाच्या आसपास उतरतो तेव्हा वांग्याची, टोमॅटोची वाढ थबकते, कधी पानं जांभळट होतात. घाबरून खत ओतू नका. रात्री जुन्या साडीनं झाका आणि वाट बघा.

भोगी आणि त्यानंतर

भोगीच्या सकाळी पहिल्या वर्षी सगळं एका टोपलीत येईलच असं नाही. माझी पहिली भोगी गाजरं, चार वांगी आणि वाटीभर घाट्यांवर भागली, मटार मंडईचा होता. वहीत लिहून ठेवा: काय कधी पेरलं, कधी उगवलं, कधी तोडलं, ऊन कुठवर आलं. पुढच्या ऑक्टोबरात तेवढंच कामी येतं.

मटार, हरभरा, मेथी संपली की झाडं मुळासकट उपटू नका, जमिनीलगत कापा. त्यांच्या मुळांवरच्या गाठींत नत्र असतं आणि त्या बेवडावर, म्हणजे आधीच्या पिकानं कसदार केलेल्या मातीत, पुढचं पीक चांगलं येतं. संक्रांतीनंतर थंडी ओसरू लागली की जानेवारीअखेर त्याच कुंड्यांत भेंडी, गवार, काकडी टाका. त्याआधी घाई केली तर बी गारठ्यात पडून राहतं आणि कुजतं. टोमॅटोच्या जागी पुन्हा टोमॅटो किंवा मिरची नको. वांग्याचं झाड मात्र राहू द्या. फेब्रुवारीत फांद्या निम्म्यावर छाटून दोन मुठी शेणखत घाला, ते पुन्हा फुटतं आणि एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत वांगी देतं.